लांगूलचालन : एक जुनाट व्याधी

मराठी भाषेने काही दुर्गुणांवर विशेष मेहनत घेतलेली दिसते. त्यांत सत्ताधीशांच्या पुढे पुढे करण्याच्या वृत्तीचा क्रमांक बराच वरचा लागावा. खुशामत, भाटगिरी, हुजरेगिरी, तोंडपुजेपणा, हांजी हांजी करणे, गोंडा घोळणे, थुंकी झेलणे, हरभऱ्याच्या झाडावर चढविणे! लोकशाहीने त्यात ‘चमचेगिरी’ची भर घातली आणि सौंसर-पांढुर्ण्याच्या आपल्या दुभाषी बाजारपेठेने हिंदीतील ‘चापलूसी’लाही घरात घेतले. या साऱ्या शब्दसंपत्तीत मला सर्वांत नेमका वाटतो तो ‘लांगूलचालन’ हा शब्द. लांगूल म्हणजे शेपूट. कुत्रे शेपूट हलविते ते निर्व्याज प्रेमाने. माणसाला शेपूट नसल्यामुळे हे काम त्याला जिभेने करावे लागते, आणि त्यात प्रेमाचा अंश किती असतो हे त्याचे त्यालाच ठाऊक!

प्रस्तुत लेखाचा हेतू कोणा व्यक्तीवर वा पक्षावर टीका करण्याचा नाही. कोणत्याही आजाराकडे पाहण्याची आपली एक ठरलेली रीत आहे : लक्षणे, कारणे, उपद्रव आणि उपचार. त्याच रीतीने या सामाजिक व्याधीकडे पाहावे, एवढाच उद्देश आहे.

वैद्याचा संबंध काय?

‘हा विषय राजकारण्यांचा, डॉक्टरांच्या स्मरणिकेत त्याचे काय काम?’ असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर आपल्या परिसरातच आहे. जामसावळीचा पहुडलेला मारुती हे आपले श्रद्धास्थान, आणि सुंदरकांडाचे पाठ आपल्याकडे गावोगावी होतात. त्या कांडात रावणाच्या सभेचा प्रसंग आहे. मंत्रिगण लंकेशाच्या पराक्रमाचे गोडवे गाण्यात रमलेले असतात. या ठिकाणी तुलसीदासांनी मंत्र्याच्या आणि गुरूच्या जोडीने वैद्यालाही एकाच पंक्तीला बसविले आहे. भयाने किंवा लोभाने या तिघांची जीभ गोड झाली, की राज्य, धर्म आणि शरीर यांची धडगत नाही, असा त्यांचा इशारा आहे. पाठ करताना वैद्याचा हा उल्लेख आपण सहसा पुढे ढकलून देतो. वास्तविक तो थेट आपल्याला उद्देशून आहे. आपले बाळ गुटगुटीत असल्याचे ऐकायला प्रत्येक मातेला आवडते. परंतु वजनाचा आलेख खाली उतरत असेल, तर ते सांगण्यासाठीच तिने आपल्यासमोर बाळ आणलेले असते. अप्रिय परंतु हितकर बोलणे हा आपल्या व्यवसायाचा गाभा आहे. तो सुटला तर औषधाच्या चिठ्ठीखेरीज आपल्या हाती काय उरते?

त्याच कांडाचा नायक मारुती हा दास्यभक्तीचा आदर्श. पण त्याचे दास्य पाहा. सीतेचा शोध लावण्याचे काम त्याने केले, आणि शत्रूच्या सभेत बांधलेल्या स्थितीत उभा असतानाही समोरच्या बलाढ्य राजाला त्याच्या हिताचे तेच ऐकविले. सेवा आणि खुशामत यांतील भेद ओळखण्यासाठी याहून चांगले उदाहरण शोधण्याची गरज नाही.

आदर आणि आरती

मग कोणाचा गौरवच करू नये काय? तसे मुळीच नाही. आपल्याच राज्यात, महू येथे जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या प्रश्नाचा फार बारकाईने विचार केला होता. न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात दिलेल्या व्याख्यानात त्यांनी थोर पुरुषाविषयी मनःपूर्वक आदर बाळगणे आणि आपली विवेकबुद्धी त्याच्या पायी वाहून टाकणे या दोन गोष्टी स्पष्टपणे वेगळ्या केल्या. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील समारोपाच्या भाषणात त्यांनी राजकारणातील व्यक्तिपूजेचा मार्ग अधःपतनाकडे आणि अखेरीस हुकूमशाहीकडे जातो, असे बजावले. आदर करणारा माणूस समोरच्याचे गुण पाहतो. खुशामतखोराची नजर समोरच्याच्या खुर्चीवर असते. म्हणूनच खुर्ची गेल्यावर आदर टिकतो, आरती मात्र दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दारी सुरू होते.

लक्षणे

५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा आणि सौंसर या तहसिली मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला. पूर्वी प्रत्येक लहानमोठ्या कामासाठी छिंदवाड्याची वाट धरावी लागे. ती पायपीट कमी झाली, याचा आनंद सर्वांनाच आहे. परंतु अधिकाराची केंद्रे जवळ आली म्हणजे त्यांच्याभोवती घुटमळण्याची सोयही जवळ येते. हे केवळ आपल्याच गावात घडते असे नाही. कोणत्याही जिल्ह्याच्या ठिकाणी हेच चित्र दिसेल. वाढदिवसाच्या फलकावर नेत्याची प्रतिमा पुरुषभर उंच आणि खाली शुभेच्छुकांच्या प्रतिमा टपाल-तिकिटाएवढ्या. नव्या अधिकाऱ्याने कामाची पहिली सही करण्याआधीच शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ घेऊन उभी असलेली रांग. आरोग्य शिबिरात रुग्ण ताटकळत बसलेले, कारण उद्घाटक अद्याप यायचे आहेत.

बालरोगतज्ज्ञ या नात्याने एक लक्षण मला सर्वाधिक अस्वस्थ करते. पाहुण्यांच्या स्वागतासाठी हातात फुले घेऊन उन्हात उभी केलेली शाळकरी मुले आपण सर्वांनीच पाहिली आहेत. त्या दोन तासांत मुले जो धडा शिकतात तो कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही : मोठ्या माणसाच्या वेळेला किंमत असते, आपल्या तहानेला नसते. मूल उपजत खुशामतखोर नसते. आमच्या व्यवसायातील तो एकमेव प्रामाणिक रुग्ण! डॉक्टर कितीही नामांकित असो, सुई दिसली की ते मोठ्याने भोकाड पसरते. वाकणे त्याला आपण शिकवितो.

कारणे

ही वृत्ती केवळ स्वभावदोषातून येते असे मानणे चुकीचे ठरेल. जे नियमाने मिळावयास हवे ते मेहेरबानीने मिळू लागले, की समाजात खुशामतीची साथ पसरते. बदली, परवाना, निविदा, दाखला, अगदी रुग्णालयातील खाटसुद्धा ‘साहेबांचा एक फोन’ यावर अवलंबून असेल, तर गरजू माणूस साहेबांच्या दारी जाणार, आणि तेथे गेल्यावर दोन गोड शब्द बोलणार. त्याला दोष देणे सोपे आहे. गरजेपोटी वाकणारा आणि हावेपोटी वाकणारा यांत मात्र आपण फरक केला पाहिजे. पहिल्याला न्याय मिळाला की तो ताठ उभा राहतो. दुसऱ्याला जितके मिळेल तितका तो अधिक वाकतो.

मानसशास्त्राने या विषयाचा रीतसर अभ्यास केला आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड जोन्स यांनी १९६४ मध्ये मर्जी संपादन करण्याच्या युक्त्यांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. समोरच्याची स्तुती करणे, त्याच्या मताशी आपले मत जुळवून घेणे, त्याच्यावर लहानसहान उपकार करून ठेवणे, या त्या युक्त्या. आपल्याकडील कोणत्याही कार्यालयातील शिपायाला त्या ग्रंथाविना तोंडपाठ असतात. नंतरच्या संशोधनातून एक मार्मिक गोष्ट पुढे आली. खुशामत बाजूला उभ्या असलेल्या माणसाला चटकन ओळखू येते. ज्याची होते त्याला मात्र ती बरीचशी खरी वाटते. म्हणजे या रोगाचे निदान रुग्णाखेरीज सर्वांना होते!

स्तुतीचा परिणाम काय होतो याविषयी १९९८ मध्ये क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी शाळकरी मुलांवर केलेले प्रयोग बालरोगतज्ज्ञांना परिचित असतील. कोडी सोडविल्यानंतर काही मुलांच्या बुद्धीची स्तुती करण्यात आली, तर काहींच्या मेहनतीची. ‘तू किती हुशार!’ हे ऐकलेल्या मुलांचा कल पुढे सोप्या कोड्यांकडे झुकला. अवघड कोड्यांत अपयश येताच त्यांचा उत्साह ओसरला. आणि इतर मुलांना आपले गुण कळविताना त्यांच्यापैकी कितीतरी अधिक मुलांनी ते फुगवून लिहिले. कामाची प्रशंसा माणसाला कामाकडे नेते, व्यक्तीची प्रशंसा त्याला आपली प्रतिमा सांभाळण्याच्या खटाटोपात अडकविते. दहा वर्षांच्या मुलाची ही गत होते, तर वर्षानुवर्षे हेच ऐकणाऱ्या सत्ताधीशाची काय होत असेल?

महेश्वरचा दाखला

या रोगावरचे औषध मराठी माणसाने फार पूर्वी याच भूमीत करून दाखविले आहे. आपला मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखालचा. परंतु आज ज्या राज्याचे आपण रहिवासी आहोत, त्याच्या पश्चिम भागात नर्मदाकाठी महेश्वर येथून अहिल्याबाई होळकरांनी १७६७ पासून १३ ऑगस्ट १७९५ रोजी देहावसान होईपर्यंत राज्यकारभार केला. इंग्रज अधिकारी जॉन माल्कम याने १८२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्य हिंदुस्थानाविषयीच्या आपल्या ग्रंथात त्यांच्या कारभाराची हकीकत नोंदविली आहे. तो पराभूत मराठी सत्तेचा स्तुतिपाठक असण्याचे काही कारण नव्हते, म्हणून त्याच्या साक्षीला मोल आहे.

माल्कम सांगतो की एका ब्राह्मणाने अहिल्याबाईंच्या स्तुतिपर एक ग्रंथ रचला आणि तो त्यांच्यापुढे वाचून दाखविला. त्यांनी तो शांतपणे शेवटपर्यंत ऐकून घेतला. त्यानंतर, आपण एक दुबळी, पापी स्त्री असून या स्तुतीस पात्र नाही, अशा अर्थाचे बोलून त्यांनी तो ग्रंथ नर्मदेत सोडून देण्याची आज्ञा केली आणि ग्रंथकर्त्याची पुढे दखल घेतली नाही. त्यांनी कवीला शिक्षा केली नाही, अपमान केला नाही. बक्षीसही दिले नाही. खुशामतीला सर्वांत जास्त झोंबते ती ही उपेक्षा, कारण तिचा सारा व्यापार मोबदल्यावर चाललेला असतो.

ही गोष्ट आपण नम्रतेची कथा म्हणून सांगतो आणि थांबतो. परंतु माल्कमने नोंदविलेल्या दुसऱ्या एका हकीकतीशेजारी ती ठेवून पाहिली म्हणजे तिचा खरा अर्थ उलगडतो. इंदूरचा एक धनाढ्य सावकार निपुत्रिक वारला. तुकोजी होळकरांचा तळ त्या वेळी इंदूरजवळ होता. काही हितसंबंधी मंडळींनी कान भरले आणि तुकोजींनी त्या संपत्तीत वाटा मागितला. सावकाराची विधवा तडक महेश्वरला आली. अहिल्याबाईंनी तिचे म्हणणे ऐकले, तिला वस्त्रे देऊन घरादाराची मालकीण म्हणून मान्यता दिली, आणि तुकोजींना आपला तळ इंदूरपासून दूर हलवावा व शहरास अन्याय्य मागण्यांचा त्रास देऊ नये, असे फर्मावले. त्या रोज दरबारात बसत आणि प्रत्येक तक्रार स्वतः ऐकत, असेही माल्कम लिहितो.

या दोन कथा मला एकाच कथेच्या दोन बाजू वाटतात. जिने स्तुतीची पोथी नदीत सोडली तिच्याच कानापर्यंत विधवेचे गाऱ्हाणे पोहोचू शकले. सत्ताधीशाचा कान एकच असतो आणि दिवसाचे तासही मोजकेच. तेथे भाटांची दाटी झाली, तर विधवेला उंबरठ्यावरूनच परतावे लागते. तुकोजींच्या कानाशी लागलेली माणसेही त्यांना शहाणे, समर्थ, धनी असेच काहीतरी म्हणत असणार!

उपद्रव : तिसरा माणूस

खुशामतीत देणारा आणि घेणारा हे दोघेच दिसतात. ‘दोघांचेही भागते, मग आपले काय जाते?’ असे म्हणून आपण पुढे जातो. परंतु किंमत चुकविणारा नेहमी तिसराच असतो आणि तो त्या खोलीत नसतो. कुष्ठरोगात बोटे झडतात ती मुख्यतः संवेदना हरपल्यामुळे. वेदना कळत नाही, म्हणून चटका बसतो, जखम चिघळते आणि अवयव गमवावा लागतो. खुशामत सत्तेच्या बोटांना अशीच बधिरता आणते. खालची वेदना वर पोहोचतच नाही.

१९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉलमिश्रित ग्लिसरॉल दिल्यामुळे १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाचा अहवाल १९८८ मध्ये लोकांसमोर आला. अन्न व औषध प्रशासनातील भ्रष्टाचार आणि मंत्रिपातळीवरील हस्तक्षेप यांवर त्याने कठोर ताशेरे ओढले होते. जेथे अधिकाऱ्याची नजर नियमपुस्तकाऐवजी वरिष्ठांच्या चेहऱ्याकडे लागलेली असते, तेथे औषधाच्या बाटलीवर नजर कोण ठेवणार?

सुमारे चाळीस वर्षांनी तेच विष आपल्या उंबरठ्यापाशी आले. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये छिंदवाडा जिल्ह्याच्या परासिया परिसरात खोकल्याच्या ‘कोल्ड्रिफ’ या औषधाने मूत्रपिंडे निकामी होऊन वीसहून अधिक बालकांचा बळी घेतला. बैतूल आणि आपला पांढुर्णा जिल्हाही त्या शोकातून सुटला नाही. आरंभी तपासलेल्या काही नमुन्यांत दोष आढळला नव्हता. पुढे तामिळनाडूच्या प्रयोगशाळेला त्या औषधात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडले. मान्य मर्यादा आहे ०.१ टक्का. कांचीपुरम जिल्ह्यातील त्या कारखान्याच्या तपासणीत साडेतीनशेहून अधिक त्रुटी आढळल्या. या दुर्घटनेचे कारण खुशामत होते, असा आरोप मी करीत नाही. तसे म्हणायला पुरावा लागतो. परंतु साडेतीनशे त्रुटी एका रात्रीत जमत नाहीत. त्या आधीच कोणाच्या तरी लेखणीतून कागदावर उतरायला हव्या होत्या. ‘सर्व काही ठीक आहे, साहेब’ हे वाक्य आपल्या प्रशासनात किती सहज उच्चारले जाते आणि किती आनंदाने ऐकले जाते, याचा विचार त्या मुलांच्या स्मृतीपुढे तरी आपण केला पाहिजे.

आपल्या घरचा रोग

दुसऱ्याच्या रोगाविषयी बोलताना आपली नाडीही तपासलेली बरी. डॉक्टर हा खुशामत करणारा आणि करवून घेणारा, असा दुहेरी रुग्ण आहे. ‘डॉक्टरसाहेब, तुमच्या हाताला यश आहे’ हे वाक्य रुग्णाच्या तोंडून कृतज्ञतेने येते. औषध कंपनीच्या प्रतिनिधीच्या तोंडून येते तेव्हा त्यामागे महिन्याचे विक्रीचे लक्ष्य असते. भारतीय वैद्यक परिषदेने आपल्या २००२ च्या आचारसंहितेत डिसेंबर २००९ मध्ये कलम वाढवून कंपन्यांकडून भेटवस्तू व प्रवासखर्च घेण्यास मनाई केली. भेटवस्तूवर बंदी घालता येते. स्तुतीवर कोणतीही परिषद बंदी घालू शकत नाही. तेथे ज्याचा त्यानेच पहारा द्यावा लागतो.

आपल्या वॉर्डातही हेच. राउंडच्या वेळी वरिष्ठांच्या निदानावर सर्वांनी माना डोलावल्या आणि कोपऱ्यातील परिचारिकेला बाळाचा श्वास वाढल्याचे दिसत असूनही ती गप्प राहिली, तर तो शिष्टाचार बाळाच्या जिवावर बेततो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी जी सुरक्षा-सूची आणली, तिच्यात छेद घेण्यापूर्वी उपस्थित सर्वांनी आपले नाव व काम सांगावे अशी पायरी आहे. ज्याने एकदा आपले नाव सर्वांसमोर उच्चारले, त्याला धोका दिसताच तोंड उघडणे सोपे जाते, हा त्यामागील विचार. सत्य सांगण्याचे धैर्य सर्वांत असतेच असे नाही. पण त्यासाठी जागा करून देणे वरिष्ठांच्या हातात असते.

पथ्य

ही जागा आपल्या पूर्वजांनीही करून ठेवली होती. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैल उभे राहिले की झडत्या सुरू होतात. पाटील, सावकार, सरकार, कोणाचीही त्यात गय नसते. ज्याला चिमटा बसतो तोही हसून घेतो आणि ‘हर हर महादेव’च्या गजरात सामील होतो. दुसऱ्या दिवशी नागपुरात बडगे निघतात, त्यांतही थोरामोठ्यांची हजेरी घेतली जाते. वर्षातून एक दिवस खरे ऐकण्याची ही लसच म्हणायची. अलीकडे झडत्यांची जागा ध्वनिक्षेपकावरील पाहुण्यांच्या नामावळीने घेतली आहे; ती परत मिळवली पाहिजे.

उपचार फार अवघड नाहीत, पण ते नियमित घ्यावे लागतील. आपल्या संस्थेच्या कार्यक्रमांत सत्काराला मर्यादा आणि प्रश्नोत्तरांना वेळ असावा. शिबिराचा प्रारंभ पहिला रुग्ण आला की व्हावा. अधिकाऱ्यांना भेटायला जाताना पुष्पगुच्छाऐवजी आपल्या रुग्णालयातील उणिवांचा एक पानाचा कागद न्यावा. उन्हात मुले उभी करण्याचा बेत कानावर आला, तर आपण डॉक्टरांनी शाळेला तसे लेखी कळवावे. आरोग्याच्या कारणाने आपण बोललो तर आपले कोणी मनावर घेईल. आणि एखाद्या अधिकाऱ्याने खरोखर चांगले काम केले असेल, तर त्या कामाचे नाव घेऊन त्याची प्रशंसा अवश्य करावी, शक्य तर त्याची बदली झाल्यानंतर!

महेश्वरच्या घाटावर नर्मदा आजही वाहते आहे. त्या पोथीचे नाव कोणाच्या स्मरणात नाही. पोथी बुडविणाऱ्या अहिल्याबाईंची त्रिशताब्दी मात्र ३१ मे २०२५ रोजी साऱ्या देशाने साजरी केली. पुढच्या वेळी आपल्या स्तुतीचा कागद हाती आला, की तो घडी करून बाजूला ठेवावा आणि बाहेर बाकावर कोण बसले आहे ते पाहावे. बहुधा तेथे एखादी माता कडेवरचे मूल सावरीत बराच वेळ थांबलेली असते.